किल्ली परत करायला गेले तेव्हा

मुलीला जबलपूरच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा मी हौसेनं विहारात खीर वाटली. आठवड्याभरात वसतिगृहाची यादी लागली आणि तिच्यात तिचं नाव नव्हतं. आम्ही कुंडमला राहतो. मी तिथल्या कचेरीत लिपिक आहे, हे सहा वर्षांपूर्वी गेले, घरात आम्ही दोघीच. तिची प्रॅक्टिकल्स संपेपर्यंत कुंडमची शेवटची बस निघून जायची. खोली मिळाली नाही तर प्रवेश सोडावा लागणार होता. ती तसं बोलली नाही, पण घरी बसून एम.ए. करायचा फॉर्म तिनं आणून ठेवलेला मी पाहिला होता.

प्रत्येक सुट्टीला आम्ही बस धरून जबलपूरला जायचो. विद्यापीठाजवळची खाजगी होस्टेलं माझा अर्धा पगार मागायची, आणि जी स्वस्त होती तिथं दाराला धड कडी नव्हती. आमच्या धम्मात नवस नाही, मागणं नाही. तरी रोज मेणबत्ती लावताना मी मनात मागतच होते, आणि मिळत नाही म्हणून रुसतही होते. इतकी वर्षं वंदना म्हणून काय पदरात पडलं, असंही एकदा मनात आलं. ते लिहिताना आज लाज वाटते.

मग जबलपूरच्याच गोरखपूर भागातल्या एका गल्लीत ‘कमरा किराये से देना है’ अशी पाटी दिसली, आणि आतून कोणी तरी मोलकरणीशी बोलता बोलता मधेच मराठीत पुटपुटलं. केवढा आनंद झाला मला. घरमालकीण सत्तरीच्या, एकट्या. त्यांचे पूर्वज कधीकाळी मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले ते इथलेच झाले. माडीवरची खोली स्वच्छ, खिडकीत कडुलिंब, भाडं आम्हाला झेपेल असं. मुलीचा चेहरा किती दिवसांनी उजळला. तेवढ्यात काकूंनी सहज विचारलं, तुमचं आडनाव काय?

हिंदी घरमालक पूर्ण नाव विचारायचे, पण आमच्या आडनावावरून त्यांना फारसं काही उमगायचं नाही. मराठी माणसापुढे मात्र आडनाव सांगितलं की जात सांगून झाली. माझ्या तोंडून निघून गेलं, “आर्वीकर.” सासऱ्यांचं मूळ गाव आर्वी, तेव्हा हे अगदीच खोटं नाही, अशी मी मनाची समजूत घातली. काकूंनी हसून किल्ली हातात दिली, माझा फोन नंबर घेतला, आपला दिला, मुलीच्या आधारची झेरॉक्स पोलीस ठाण्यात द्यायच्या फॉर्मसाठी ठेवून घेतली. आधारवर खरं आडनाव आहे हे मला तेव्हाही सुचलं नाही, इतकी मी त्या किल्लीनं हुरळले होते.

परतीच्या बसमध्ये मुलीनं दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाली, “आई, म्हणजे मी दोन वर्षं तिथं आर्वीकर म्हणून राहायचं?” मी तिला रागावले, आणि ते जास्तच लागलं मला.

दुसऱ्या दिवशी रविवार. विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या शीलाशी, मी थांबले. बाकीच्या बाया पुढे गेल्या, मी तिथंच राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. समोर तथागतांची मूर्ती नेहमीसारखीच शांत होती, आणि प्रथमच मला तिच्याकडे काही मागावंसं वाटलं नाही. खोली गेली तर गेली, मुलीला दुसऱ्याच्या नावाखाली लपवून शिकवायचं नाही, एवढं नक्की झालं. फोनवर सांगून मोकळं व्हावं असा मोह झाला होता, पण शनिवारपासून आमच्याकडचा मोबाइलचा टॉवर बंद पडला होता. मंगळवारी रजा टाकून मी गोरखपूर गाठलं.

किल्ली टेबलावर ठेवून मी खरं आडनाव सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत हे सांगितलं, आणि माफी मागितली.

“मला माहीत आहे,” काकू म्हणाल्या. “तुम्ही गेल्या न् मी पोरीचं आधार वाचलं. लई राग आला. तीन दिवस तुम्हाला फोन लावून राहिली होती, खोली नाही म्हणून सांगायला. लागलाच नाही.” मग म्हणाल्या, “आज तुम्ही स्वतः येऊन बसल्या. रात्रंदिवस विचार करून राहिली होती मी, बाई खोटं काहून बोलली? आडनाव विचारलं तर मीच होतं नं.”

त्यांनी किल्ली माझ्याकडे सरकवली.

कुंडमला टॉवर बंद पडतो, त्यात नवल काही नाही. तो सुरू असता तर त्यांचा नकार मला घरबसल्या मिळाला असता आणि माझं खरं बोलणं राहूनच गेलं असतं. याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं, मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं की इतकी वर्षं शरण जाते म्हणत होते आणि मूठ मात्र आवळलेलीच होती. त्या दिवशी ती उघडली, आणि पुढचं माझ्या हातात नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सामान लावून झालं. मुलीनं खिडकीतल्या कट्ट्यावर तथागतांची छोटी मूर्ती ठेवली, मेणबत्ती लावली आणि आम्ही वंदना सुरू केली. काकू पाण्याचा माठ द्यायला जिना चढून आल्या होत्या. आम्हाला बघून त्या दाराशीच थांबल्या, माठ खाली ठेवला आणि पायातल्या चपला काढल्या.

वंदना संपेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.