नवव्या शॉटची खुर्ची

ताई गेली तेव्हा तिचा वर्ग अर्धाच झाला होता. रविवारी अकरा ते एक, आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ती मुलांना फोनवर छोट्या फिल्म करायला शिकवायची. सहा मुलं होती, सगळी मराठी घरांतली, पंधरा ते अठरा वयाची. सप्टेंबरात ती आजारी पडली आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. दिवाळीनंतर सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले आणि चपला न काढताच म्हणाले, "मुलं विचारतायत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या फिल्म दाखवू असं ताईंनी कबूल केलं होतं. तुम्ही घ्याल का वर्ग? तुमचं वाचन आहे."

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात तेहेतीस वर्षं काढली. फिल्मबद्दल मला काही कळत नव्हतं आणि माझा फोन बटणांचा होता. तरी मी हो म्हटलं, कारण ताईची वही माझ्याकडे होती. वहीत आहे तसं शिकवायचं, आपल्या मनाचं त्यात काही घालायचं नाही, असं ठरवलं. तिचं हे एक काम न बिघडता पुरं व्हावं, एवढीच त्या हिवाळ्यात माझी इच्छा होती.

आम्ही दोघी बहिणी दिल्लीत मयूर विहारच्या या फ्लॅटमध्ये तीस वर्षं राहिलो. वडील सरकारी नोकरीत होते. सहकारी सोसायटीचं सभासदत्व घेऊन त्यांनी बरीच वर्षं वाट पाहिली. आम्ही राहायला आलो तेव्हा इथे वाळू आणि विजेचे खांब होते, आणि करोल बागेतले आमचे जुने शेजारी विचारायचे, "यमुनेपलीकडे माणसं राहतात का?" मग पूल झाले, मॉल झाले, मेट्रो आली, आणि पलीकडे नोएडात एकावर एक मजले चढत गेले. त्या मजल्यांवर पुण्या-मुंबईहून कंपन्यांत आलेली मराठी कुटुंबं राहायला आली. ताईच्या वर्गातली चार मुलं तिथली. आई-वडील गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. ती शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर कुठल्याशा शिबिराला जाऊन आली आणि येताना नवा फोन घेऊन आली. मला वाटलं होतं, महिनाभराचं वेड असेल.

वहीत सहा धडे होते, तिच्या सरळ, फळ्यावरच्या अक्षरात. फोन आडवा धरा. आधी लेन्स पुसा. श्वास सोडा आणि मगच बटण दाबा. खिडकी पात्राच्या मागे नको. कॅमेऱ्याकडे बघू नका. फिल्म काढणाऱ्याने बोलू नये. सहा धड्यांनंतर एक पान कोरं होतं आणि त्यापुढे एक ते नऊ आकडे घालून छोट्या छोट्या ओळी होत्या. मथळा नव्हता. पुस्तकात नवा भाग सुरू होण्याआधी एक पान कोरं सोडतात, तसंच हे असेल असं मी धरून चालले. धडे संपले, आता स्वाध्याय. तेहेतीस वर्षं पुस्तकं हाताळलेल्या माणसाला दुसरं काही सुचलं नाही.

धडे ताईचे जवळजवळ शिकवून झाले होते. मी उजळणी घेतली. मी वाचायची आणि मुलं करायची. पहिल्या दिवशी एका मुलीने फोन माझ्या हातात दिला आणि मी तो उभा धरला. मेट्रोने नोएडाहून येणारी ही मुलगी सतरा वर्षांची होती आणि तोंडाने फटकळ होती. "आंटी, आडवा. तुम्हीच आत्ता वाचलंत ना," ती म्हणाली. सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि आपण हसलो याचं मग दिवसभर काहीतरी वाटत राहिलं.

डिसेंबरात मी स्वाध्याय वाचायला घेतले.

"एक. दार आतून उघडतं. फक्त हात. चेहरा नको. दोन. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबते. दम लागलेला कळू नये म्हणून पर्समध्ये किल्ली शोधते. तीन. दोन कप. एक आधी विसळला जातो."

"ती म्हणजे कोण?" मुलीने विचारलं. "एज किती तिचं?"

"वहीत नाही."

"पण कॅरेक्टर कळल्याशिवाय कसं करणार, यार?" हे एका उंच मुलाने विचारलं. त्याचे वडील मानेसरच्या कारखान्यात होते, पहाटे कंपनीच्या बसने जायचे, आणि तो त्यांच्या जुन्या फोनवर फिल्म काढायचा.

"जसं लिहिलंय तसं करा," मी म्हटलं. "ताईने काही विचार करूनच लिहिलं असेल."

"मॅम असं नाही म्हणायच्या," तो म्हणाला. "मॅम म्हणायच्या, पहिले विचारा."

मला राग यायला हवा होता. पण ताई वर्गात काय म्हणायची हे ही मुलं मला सांगत होती आणि ते मला माहीत नव्हतं. मी पुढची ओळ वाचली.

मुलांनी एकेक ओळ वाटून घेतली. त्या दिवसांत दिल्लीत ऊन दुपारी कसंबसं तीन तास टिकायचं. बाकी वेळ धूर आणि धुकं. त्यात काढलेलं सगळं मळक्या पाण्यातून पाहिल्यासारखं दिसायचं. कोणी आईचा हात घेतला, कोणी आजीला जिन्यावर उभं केलं. उंच मुलाने कप विसळतानाचं चित्र नळाच्या इतक्या जवळून काढलं की फोनवर शिंतोडे उडालेले दिसत होते. पाचव्या ओळीत 'तिन्हीसांजा' शब्द होता. तो सहांपैकी एकालाही कळला नाही. मी अर्थ सांगितल्यावर मुलगी म्हणाली, "अच्छा, म्हणजे शाम. मग शाम लिहायचं ना." तरी तो शब्द तिने फोनमध्ये लिहून घेतला.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आठ ओळी झाल्या होत्या. उंच मुलाने लॅपटॉपवर आठही तुकडे एकामागून एक लावले. बघायला सोपं जावं, एवढाच त्याचा हेतू होता. हात दार उघडतो. जिन्याच्या वळणावर बाई किल्ली शोधते. एक कप आधी विसळला जातो. कोणीतरी वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचतं. कोणीतरी दिवा न लावता बसतं. माणसं प्रत्येक तुकड्यात वेगळी होती.

"आंटी," मुलगी म्हणाली, "हे एक्सरसाइज नाहीयेत. ही एकच फिल्म आहे."

मी वही उघडली. कोरं पान पाहिलं, नंतरची पानं पाहिली. ती ओळ न् ओळ मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती.

"आणि ती तुम्ही आहात," उंच मुलगा म्हणाला. "परवा जिन्यात मी तुमच्या मागे होतो. दुसऱ्या मजल्यावर तुम्ही किल्ली काढायला थांबलात. पण किल्ली तर हातातच होती."

"मॅम पण थांबायच्या," मुलगी म्हणाली. "मी सोबत वर गेले आहे ना कितीतरी वेळा. सेम."

दोघांत वाद सुरू झाला आणि मला दोघांचंही पटत होतं. वर्तमानपत्र मागून वाचायची सवय आधी ताईची होती. ती मला कधी लागली, कळलं नाही. दिवा न लावता बसणारी मी. पण नंतर नंतर तीही बसायची. कप आम्ही आलटून पालटून विसळायचो. आमचे चष्मे एकाच दुकानातले, एकाच वर्षी घेतलेले. ही फिल्म तिने माझ्यावर योजली असेल तर इतकी वर्षं ती माझ्याकडे बघत होती आणि मला पत्ता नव्हता. स्वतःवर योजली असेल तर दम लपवणारी ती होती, आणि मी शेजारच्या खोलीत वाचत बसले होते. यातलं खरं काय, हे मला कळायला हवं होतं. आणि विचारायचं ज्या माणसाला, तेच नव्हतं.

तिचा फोन मी कपाटात ठेवला होता. तो उघडायची खूण मला माहीत नव्हती. मुलीला विचारलं. "उघडेल, पण आतलं सगळं पुसून जाईल," ती म्हणाली. मी तो परत कपाटात ठेवला.

नववी ओळ उरली होती. 'गॅलरीत दोन खुर्च्या. ती एकीत बसते. कुठल्या, ते ठरत नाही.'

आमच्या गॅलरीत वेताच्या दोन खुर्च्या आहेत, सारख्याच. ताईला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून ती डावीकडे बसायची आणि उजवा कान माझ्याकडे ठेवायची. मी उजवीकडे. तीस वर्षांत आम्ही जागा बदलल्या नव्हत्या. ती गेल्यावर तिच्या खुर्चीत कोणीही बसलं नव्हतं. दिवस करायला आलेल्या भाच्यालाही मी स्टूल दिलं होतं.

"इथे तुम्हीच बसायचं," मुलगी म्हणाली. ती आणि उंच मुलगा, दोघंच आले होते. "दुसरं कोणी नाही चालणार."

"कुठल्या खुर्चीत?"

"ते तुम्ही सांगा."

"वहीत ठरलेलं नाही."

"मग ठरवा ना, आंटी. ऊन जातंय."

वहीबाहेरचं काही करायचं नाही, हा माझा नियम. आणि इथे वहीनेच हात टेकले होते. डाव्या खुर्चीत बसले तर फिल्म ताईची. उजव्या खुर्चीत बसले तर माझी, आणि मग मेलेल्या माणसाच्या वहीत मीच मला घुसवल्यासारखं. मी उभीच राहिले. उंच मुलगा कठड्याला टेकून म्हणाला, "मॅम असत्या तर आतापर्यंत चार टेक झाले असते." शेवटी पाय दुखायला लागले आणि मी सवयीने माझ्या खुर्चीत बसले. मुलीच्या फोनची मागची लेन्स त्याच आठवड्यात मेट्रोच्या जिन्यावर पडून फुटली होती. तिने पुढच्या कॅमेऱ्याने फिल्म काढली.

"एकदा अजून. कॅमेऱ्याकडे बघितलंत तुम्ही."

दुसऱ्यांदा मी रस्त्याकडे बघितलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी हॉलमध्ये पांढरी चादर लावली होती. बायका यायच्या आधी मुलांनी फिल्म एकदा लावून पाहिली. नववा तुकडा आला. चादरीवर मी ताईच्या खुर्चीत बसले होते.

"मी तिथे नव्हते बसले," मी म्हटलं.

मुलीने डोळे बारीक करून पाहिलं. "अरे हां. पुढच्या कॅमेऱ्याने उलटं येतं या फोनवर. आरशासारखं. सरळ करू? एक टॅप आहे फक्त."

तिचं बोट तसंच वर राहिलं. दारात हळदीकुंकवाचं ताट घेऊन बायका यायला लागल्या होत्या. मी चादरीवरच्या बाईकडे पाहत होते. ती रस्त्याकडे बघत होती, उजवा कान रिकाम्या खुर्चीकडे करून. माझे दोन्ही कान चांगले आहेत. मी तशी कधी बसत नाही, आणि तिथे मी तशी बसले होते.

"आंटी, बोला ना."

"राहू दे," मी म्हटलं.

फिल्म चार मिनिटांची झाली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी हे काय होतं म्हणून शेजारणीला विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "छान, पण स्टोरी काय?" मुलं माझ्याकडे बघायला लागली आणि मी मुलांकडे.

मग समोरच्या इमारतीतल्या बाई वाण घेऊन माझ्याजवळ आल्या. त्यांच्या खिडकीतून आमची गॅलरी दिसते. त्यांनी आम्हाला वर्षानुवर्षं तिथे बसलेलं पाहिलं आहे. माझा हात धरून म्हणाल्या, "त्यांच्या खुर्चीत बसायला लागलात ते बरं केलंत. रिकामी खुर्ची बघवत नव्हती हो."

"हो," मी म्हटलं.

त्या पुढे गेल्या. मुलगी शेजारी उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"आंटी, तुम्ही खोटं बोललात."

"कशात?"

तिने चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ते मला पण नाही कळत," ती म्हणाली आणि तिळाची वडी माझ्या हातावर ठेवली.