बुडाला भोक असलेला इनामी कप

पुसेगावात किसनरावांना सगळे सुभेदार म्हणत. ही पदवी त्यांना सरकारने दिलेली नव्हती. ती गावच्या पटवाऱ्याने दिली होती, आणि तीही इंग्रजी अर्धवट येत असल्यामुळे.

१९१९ साली किसनराव बसऱ्याच्या लढाईवरून परत आले, तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दोनच वस्तू होत्या. एक, पलटणीतून सुटल्याचा कागद. दुसरी, पोलादाचा एक जाडजूड कप. तोंडाशी तांब्याएवढा रुंद, उंचीला विताहून थोडा कमी, धरायला कान नाही, बुडाला भोक आणि भोकाजवळ बाजूला एक सरकती खिडकी. उद्धवपंत पटवाऱ्यांनी चष्मा पुसून दोन्ही वस्तूंवरची अक्षरे एकमेकांशी ताडून पाहिली.

"कागदावर डिस्चार्ज, कपावर डिस्चार्जर," ते भरल्या चावडीत म्हणाले. "म्हणजे डिस्चार्जच्या वेळी सरकारने दिलेला कप. आणि शेवटी हा जास्तीचा आर आहे ना, तो रिवॉर्डचा. इनाम! सुभेदाराखेरीज कोणाला मिळतं असलं?"

किसनरावांनी खरे सांगायला तोंड उघडले होते. पण तेवढ्यात पोलीस पाटलांनी बाजेवरची स्वतःची जागा सोडून त्यांना बसायला बोलावले, पान पुढे केले. उघडलेले तोंड मग पान खाण्याच्या कामी आले.

खरे एवढेच होते की किसनराव पलटणीत लांगरी होते. दोनशे माणसांची डाळ, दोनशे माणसांच्या रोट्या. बंदूक त्यांनी चार वर्षांत दोनदा उचलली, दोन्ही वेळा पीठ ओलं होऊ नये म्हणून बाजूला ठेवायला. आणि तो कप म्हणजे बंदुकीच्या तोंडावर बसवून हातबाँब लांब फेकायचे यंत्र. बाद झालेला एक कप लांगरखान्यात पडून होता. किसनरावांनी त्याच्या बुडाचे भोक कणकेने बुजवले आणि वर्षभर त्याने डाळ मोजली. घरी येताना सवयीने पेटीत टाकला.

पुढची बावीस वर्षे तो कप किसनरावांच्या कोनाड्यात दसऱ्याला झेंडूची फुले घेत राहिला. बाजूची खिडकी कशाला, असे कोणी विचारले की सुभेदार म्हणत, "मानाचा तुरा खोचायला." एकटा खाजा मिया कल्हईवाला तेवढा हसे. भांड्यांच्या बुडाशीच त्याचा जन्म गेला होता.

"किसनभाऊ, सरकारनं इनाम दिलं ते बी फुटकंच काहून दिलं?"

"तुला न्हाई कळायचं. हा चहा प्यायचा कप न्हाई."

"ते तर दिसूनच राहिलं. चहा ओतला की पाय भाजतीन."

सुभेदारीचा खरा त्रास त्यांच्या बायकोला, गंगूताईंना होता. सुभेदाराने चुलीला हात लावायचा नसतो, असा नियम किसनरावांनी स्वतःच काढला होता. गंगूताईंना ताप येवो की त्या माहेरी जावोत, ते उपाशी बसत पण काडी पेटवत नसत. मात्र बाजेवर बसल्या बसल्या त्यांची जीभ चाले. "हळद उशिरा पडली. डाळ उतरवायची घाई केली. फोडणीत जिरं करपलं." गंगूताईंना नवल वाटे की बंदुका चालवणाऱ्या माणसाला करपलेलं जिरं इतक्या लांबून कसं कळतं.

१९४१ च्या फेब्रुवारीत नवी लढाई जोरात होती आणि सरकारला माणसे हवी होती. सेनगावच्या बाजाराच्या दिवशी भरतीचा तंबू लागणार, बंदुकीतून बाँब फेकण्याचा खेळ दाखवणार, अशी दवंडी पिटली गेली. शंकरसिंग नावाचा हवालदार बंदूक, काडतुसे आणि तीन बाँब घेऊन आला. दोन पांढऱ्या रंगाचे, पोकळ. एक खरा, कारण तहसीलदारसाहेबांना आवाज हवा होता. फक्त बाँब ज्यात बसवतात तो कप मागे कोठारातच राहिला होता. सरकारी कामात एवढे चालायचेच.

उद्धवपंतांनी बसऱ्याचे सुभेदार म्हणून किसनरावांना कपासकट मिरवत आणले होते. कप तहसीलदारांच्या मेजावर, हिरव्या कापडावर ठेवला. तो पाहताच शंकरसिंग खुर्चीवरून उठला.

"अरे, ही तर आपलीच चीज! बंदुकीच्या तोंडावर बसवायची. ही तुमच्याकडे कशी, बाबा?"

किसनरावांनी कप उचलायला हात पुढे केला. पण शंकरसिंगाने उत्तराची वाटच पाहिली नाही. त्याने पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले. "म्हणजे तुम्ही बाँबवाले! बसऱ्याला जुने बाँबवाले होते म्हणतात, ते तुम्ही! उस्ताद, आज खेळ तुमच्याच हातचा."

इनाम खोटे ठरले होते, पण त्याच दमात माणूस सुभेदाराचा उस्ताद झाला होता. गर्दीत टाळ्या पडल्या. उद्धवपंत शेजाऱ्याला म्हणाले, "मी म्हणालो होतो की न्हाई? आर म्हणजे रायफल." बायकांच्या पुढच्या रांगेत गंगूताई पदर सावरून उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून किसनरावांनी छाती पुढे काढली आणि तिथेच फसले.

शंकरसिंगाने लोकांना समजावून सांगितले. आधी बाँबच्या बुडाला लांब गज असे, तो नळीत घालून उडवत. पण चार-सहा बाँबांतच नळी फुगे, बंदूक वाया जाई. म्हणून हा कप निघाला. बाँबची खीळ काढून तो कपात ठेवायचा, कपाची भिंत त्याचा खटका दाबून धरते. बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवायचा, नळी तिरपी धरायची आणि काडतूस उडवायचे. बाँब दोनशे पावलांवर. जवळ टाकायचा असेल तर ही खिडकी उघडायची, म्हणजे धुराचा जोर बाहेर जातो.

"तुऱ्याची खिडकी!" मागून खाजा मियाचा आवाज आला.

शंकरसिंगाने कप बंदुकीवर चढवला, खीळ काढून खरा बाँब त्यात बसवला. थैलीतून काडतूस काढून नळीत सरकवणार, तेवढ्यात किसनरावांची नजर त्याच्या बोटांकडे गेली. काडतुसाला टोक होते. पितळी नळकांड्याच्या पुढे शिशाची गोळी.

लांगरखान्यात बसून किसनरावांनी लढाईतले फार काही पाहिले नव्हते, पण एक सकाळ पाहिली होती. आठ माणसे न्याहारी तयार ठेवायला सांगून बाँब टाकायला गेली. कपाला रिकामे काडतूस लागते, बिनगोळीचे, नुसत्या दारूचे. कोणीतरी घाईत गोळीचे भरले. गोळी सरळ कपातल्या बाँबला लागली. त्या दिवशी न्याहारीला तिघे आले. पाच जणांच्या रोट्या किसनरावांनी दुपारपर्यंत झाकून ठेवल्या होत्या.

आता बाहेर पडायची वाट मोकळी होती. खांदा दुखतो म्हणायचे, चार पावले मागे सरायचे, सुभेदारी शाबूत. पण बंदुकीपासून दहा हातांवर गंगूताई होत्या, आणि बाँबवाल्याचा खेळ नीट दिसावा म्हणून त्यांनी टाचा उंचावल्या होत्या.

"थांबा हवालदार! ते काडतूस भरू नका. ते गोळीचं हाये."

शंकरसिंगाच्या कपाळावर आठी चढली. तहसीलदारांसमोर त्याची चूक काढली गेली होती. "उस्ताद, मी शिकून आलोय. तुमच्या वेळेचं वेगळं असेल. कोणत्या तुकडीत होता तुम्ही बाँबवाल्यांच्या?"

किसनरावांनी एकदा उद्धवपंतांकडे पाहिले, एकदा मेजावरच्या हिरव्या कापडाकडे.

"तुकडीत न्हाई. लांगरी होतो मी. डाळ शिजवत होतो. पर ह्या काडतुसानं पाच मानसं गेली, त्यांच्या रोट्या माझ्याकडं उरल्या. टोक बघा त्याचं, मंग भरा."

शंकरसिंगाने हातातल्या काडतुसाकडे पाहिले. घाईघाईने त्याने खटका दाबून धरून बाँब कपातून काढला, खीळ परत बसवली. मग पांढरा पोकळ बाँब ठेवला, थैलीतले चपट्या तोंडाचे काडतूस शोधून भरले आणि उडवला. तो लांब तुरीच्या शेतात पडला. दोन शेळ्या पळाल्या. तहसीलदारांनी टाळी वाजवली.

त्यांनी वर पाठवलेल्या अहवालात प्रयोग यशस्वी झाल्याची नोंद झाली, शंकरसिंगाच्या कौशल्याची तारीफ झाली. कप सरकारी माल म्हणून जप्त झाला आणि किसनरावांना त्याची पावती मिळाली. ज्यांचे हातपाय जाग्यावर राहिले होते, ती माणसे घरी जाताना पोट धरून हसत होती. "डाळीचा सुभेदार!" पोलीस पाटलाने तर त्याच संध्याकाळी चावडीतली बाज आत ओढून घेतली. वाचवणाऱ्याचे आभार मानायला तो आधी मोठा माणूस असावा लागतो. लांगऱ्याकडून जीव वाचवून घेणे लोकांना फारच कमीपणाचे वाटले. आला तो एकटा खाजा मिया. त्याने पारावर किसनरावांना अर्धी विडी दिली. "किसनभाऊ, आज पह्यल्यांदा तुमी बिनभोकाचं बोलले."

गंगूताई पुसेगावापर्यंत नवऱ्याच्या चार पावले पुढे चालत राहिल्या. घरात आल्यावर त्यांनी चूल पेटवली, डाळीचे पातेले मांडले आणि पळी नवऱ्यापुढे धरली.

"हे काय?"

"दोनशे मानसाची करत व्हते ना? इथं दोनच हायेत."

"अगं, पर लोक काय म्हणतील?"

"लोकांनी म्हनून घेतलं समदं बाजारात. अवो, बावीस वर्सं मी तापात उठून चूल फुकली, आन तुमी बाजेवर बसून जिरं करपलं म्हनत व्हते. धरा."

किसनरावांनी पळी धरली. पाणी आधणाला ठेवून त्यांचा हात सवयीने कोनाड्याकडे गेला आणि रिकाम्या जागेवर थबकला.

"डाळ किती टाकू? मापाचा कप तर सरकारनं नेला."

"टाका अंदाजानं," गंगूताई बाजेवर पाय पसरून म्हणाल्या. "सुभेदारी कोन्त्या मापानं केली व्हती?"