साक्रीच्या बाजारातली आगेकूच

“ही अफवा कोणी सोडली?” फौजदारांनी विचारलं.

“सरकारनं,” मी म्हणालो.

उद्धटपणा म्हणून नव्हे. दुसरं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. माइक अजून माझ्या हातात होता, सरकारी प्रचारगाडी साक्रीच्या आठवडी बाजारात मधोमध उभी होती आणि भोवतीचा भरला बाजार डोळ्यांदेखत उठत होता.

बेचाळीसचा उन्हाळा. धुळ्यातली मास्तरकी सोडून मी युद्धप्रचाराच्या गाडीवर अनाउन्सर झालो होतो. मुंबईहून इंग्रजी बुलेटिन यायचं. मी त्याचं मराठी करायचं, गाडीबरोबर फिरणारे आमचे अधिकारी रावसाहेब यांनी ते मंजूर करायचं आणि मग बाजाराबाजारांतून ते भोंग्यावर वाचायचं. भोंगा गाडीच्या टपावर. गाडी आणि बॅटऱ्या सांभाळायला ड्रायव्हर गफूरभाई. साम्राज्य रोज कुठे ना कुठे जिंकत होतं, त्यामुळे काम अवघड नव्हतं. एक पाठ केलं की बाकी गावांची नावं बदलायची.

अडचण आली ब्रह्मदेशात. तिथे जपान्यांपुढे आपल्या फौजेला हटावं लागलं. बुलेटिनात साहेबी भाषेत लिहिलं होतं की फौजा ठरल्याप्रमाणे पश्चिमेकडच्या नव्या ठाण्यांवर गेल्या आहेत. मी सरळ ‘माघार’ लिहिलं. रावसाहेबांनी कागद परत केला.

“माघार हा शब्द आपल्या खात्यात नाही.”

“मग काय लिहू?”

“फौज कुठे गेली?”

“पश्चिमेला.”

“पुढे तोंड करूनच चालली असेल ना?”

“उलटं कोण चालेल, रावसाहेब?”

“मग आगेकूच लिहा.”

रावसाहेब माणूस वाईट नव्हते. वरून विचारणा झालेली त्यांना सोसायची नाही, इतकंच.

त्याच दिवशी साक्रीत मी खड्या आवाजात वाचलं, “आपल्या शूर फौजेची ब्रह्मदेशातून पश्चिमेकडे वेगाने आगेकूच!”

बैल विकायला आलेले एक नाना पुढे उभे होते. त्यांनी मान वर करून विचारलं, “पश्चिमले म्हंजे आपलाकडेच ना, भाऊ?”

मंजूर मजकुराबाहेर एक शब्द बोलायचा नाही, असा आमचा नियम. मी तीच ओळ पुन्हा वाचली. नानांनी त्यातूनच काय तो अर्थ लावला.

“फौज पयत येस,” ते मागे वळून ओरडले, “म्हंजे जपानी बी तिना मांगे व्हईन!”

फौज पळत येतेय म्हटल्यावर पुढचं सगळं बाजाराने केलं. किराणावाल्या मारवाडी शेठनी दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या. ते पाहून लोक मिठावर आणि रॉकेलवर तुटून पडले. गाड्या जुंपायची एकच घाई झाली. एक बैल बिथरला आणि गाडी मिरचीच्या ढिगावर उलटली. मिरचीवाली अक्का थोडक्यात वाचली. लाल धुरळा उठला आणि सगळा बाजार शिंकत शिंकत पळू लागला. अक्का अजून खालीच बसली होती आणि तिच्या अंगावरून माणसं जात होती.

फौजदार आले ते डोळे पुसतच.

“लढाईच्या दिवसांत अफवा पसरवणं गुन्हा आहे. माहीत आहे ना, मास्तर?”

“माहीत आहे. कालच मी हे याच भोंग्यावरून सांगितलं.”

“मग चला चौकीत.”

“मजकूर मंजूर आहे, साहेब.”

“कोणी केला?”

मी पुढच्या सीटकडे पाहिलं. रावसाहेब म्हणाले, “मी केवळ मोटारीत बसलो आहे.”

“गाडीलाच बेड्या घाला, साहेब,” गफूरभाई म्हणाले. “तेवढीच काही बोलली नाही.”

फौजदारांनी पळणाऱ्या गर्दीकडे पाहिलं. “आधी हे थांबवा. अटकेचं मग बघू.”

“काय सांगू?”

“खरं काय ते सांगा.”

“त्याला मंजुरी लागते.”

आम्ही दोघांनीही रावसाहेबांकडे पाहिलं. रावसाहेबांनी रुमालाने तोंड पुसलं आणि गाडीची काच वर केली. मी तीच मंजुरी समजलो.

घरी आम्ही अहिराणीच बोलत असू. कागद खिशात घातला आणि त्याच बोलीत बोललो, “मायबाप, आयका! आपली फौज हारनी, मांगे सरकनी. पन बर्मा लई दूर शे. आठे कोनी येत नई, जपानी बी नई. मी खरं सांगस. ती अक्काले आधी उठाडा, आन बठ्ठा जन बाजार करा.”

लोक थांबले. माझा आवाज त्यांना माहीत होता, पण त्यातून सरकार हरल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. दोघा बायांनी अक्काला हात दिला. नाना बैलाचा कासरा धरून गाडीपाशी आले.

“आसं सरय, सीधं सांग ना मंग, मास्तर!”

कोणीतरी हसलं. शेठनी फळ्या काढल्या. फौजदारांनी आपल्या शिपायांना मिरच्या गोळा करायला लावलं आणि स्वतःही दोन मुठी उचलल्या. मला अटक झाली नाही. आरोपी म्हणून कोणाचं नाव घालायचं, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

साक्रीतली घबराट तत्परतेने आवरल्याबद्दल वरून शाबासकी आली, रावसाहेबांना. माझी रवानगी जळगावकडच्या गाडीवर झाली. तिथे सावद्याच्या केळीवाल्यांपुढे मी ग्रामोफोनच्या तबकड्या लावायचो. बोलायची सक्त मनाई होती.

त्या नोकरीत मी एवढंच शिकलो की हार ऐकून माणसं जागच्या जागी विचार करत उभी राहतात. पळ काढतात ती सरकारने जिंकल्याचं ऐकून.