हौदातला हिरवा रंग

"शैलजा, हौद हिरवा झालाय. लोक जमलेत. तू आधी इथं ये, बाकी मग बोलू."

फोन रफतआपांचा होता. शुक्रवारची सकाळ. मी कॉलेजच्या लॅबमध्ये एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल घेत होते.

"कुठला हौद?"

"आमच्या गल्लीतल्या मशिदीचा."

"शक्यच नाही. मशीद टेकाडावर आहे. पाणी उलटं कसं चढेल?"

"ते तू येऊन पाण्यालाच विचार. मी समोर उभी आहे. पोपटासारखा हिरवा आहे."

प्रॅक्टिकल तसंच सोडून मी रिक्षा पकडली. आधी काय झालं होतं ते सांगते, म्हणजे मी का घाबरले ते कळेल.

मी भूगर्भशास्त्र शिकवते. रफतआपा इतिहासाच्या, फारसी वाचणाऱ्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. आम्ही दोघी मिळून एक संशोधन करत होतो. आपलं हे शहर इथंच का वसलं, एवढाच प्रश्न. मोठी नदी नाही, तरी चारशे वर्षांपूर्वी इथं भरलेलं शहर होतं. त्याचं उत्तर म्हणजे नहर. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून भुयारानं शहरात आणायची जुनी सोय. काही नहरींचा रस्ता माहीत आहे, कितीतरी फाटे मात्र हरवलेत. वर घरं झाली, रस्ते झाले. खाली भुयार कुठं वळतं ते कुणालाच ठाऊक नाही. आपा म्हणायच्या, "जुन्या कागदांत नहरीची तारीफ लई सापडते. दिशा एकाही कागदात नाही."

त्यातच आपांच्या मोहल्ल्याजवळ पाण्याची उंच टाकी बांधायचं काम निघालं. पाया घालण्याआधी जमिनीत भोक पाडून खडक तपासतात. मशीन खडकाचा लांब दांडा कापून वर काढतं, त्याला आम्ही कोअर म्हणतो. कोअर बघून मी रिपोर्ट द्यायचा, असं माझं काम ठरलं होतं. पहिली दोन भोकं ठीक गेली. तिसऱ्या भोकात मशीनचा रॉड धपकन खाली गेला. पुरुषभर उंचीची पोकळी. कॅमेरा सोडला तर घडीव दगडाची कमान दिसली आणि तळाशी हलणारं पाणी.

मी आपांना फोन लावला. त्या नुसत्या हसत होत्या.

साइट इंजिनिअर मुळे साहेबांना मात्र हसू आलं नाही.

"मॅडम, रिपोर्टमध्ये 'लोकल कॅव्हिटी' लिहा. सोमवारी ग्राउटिंग करून टाकतो."

ग्राउटिंग म्हणजे पातळ सिमेंट पंपानं आत ढकलायचं. पोकळी भरते, घट्ट होते, कायमची बंद होते.

"साहेब, ही कॅव्हिटी नाही, नहर आहे. आत पाणी वाहतंय."

"वाहतंय म्हणजे कुठं जातंय? कोण वापरतंय? दाखवा मला. मॅडम, राग मानू नका, पण टाकीसुद्धा पाण्यासाठीच आहे. इथल्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. मी चारशे वर्षांपूर्वीच्या पाण्यासाठी आजचं पाणी थांबवू काय?"

माणूस चुकीचं बोलत नव्हता. मी म्हटलं, "सोमवारपर्यंत दाखवते."

पाणी कुठं जातं ते शोधायची एक जुनी रीत आहे. इकडं रंग टाकायचा आणि तो तिकडं कुठं निघतो ते बघायचं. आम्ही युरेनिन नावाचा रंग वापरतो. कोरडी पावडर केशरी दिसते, पाण्यात पडली की झगझगीत हिरवी. चिमूटभर रंग टाकीभर पाण्याला पुरतो. माणसाला अपाय नाही. बुधवारी रीतसर परवानगी घेऊन आम्ही तो भोकात सोडला. मी मापून दिला, बादली आपांनी ओतली. उताराच्या बाजूला दोन जुन्या विहिरी होत्या. पाणी तिकडंच जाणार, असं माझं गणित. त्या विहिरीवाल्यांना समजावून सांगितलं, बाटल्या दिल्या, फोन नंबर दिले. गुरुवारभर तिथून एकही फोन आला नाही.

आणि शुक्रवारी फोन आला तो नेमका पाठीमागच्या टेकाडावरून. जुम्म्याच्या नमाजाआधी.

मशिदीच्या अंगणात शंभरेक माणसं असतील. अंगणातल्या जुन्या विहिरीवर मोटर आहे. सकाळी हौद भरायला मोटर लावली आणि हिरवं पाणी आलं. ऊन वर आलं होतं आणि हौद काजव्यासारखा चमकत होता. खरं सांगते, भीती बाजूला ठेवली तर फार सुंदर दिसत होता.

मशिदीचे मुतवल्ली, म्हणजे कारभार बघणारे, हाजीसाहेब. गुलमंडीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं, आता मुलं बघतात. ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

"मॅडम, ये क्या हो गया? नमाजाआधी लोकं वुजू करायला, हातपाय धुवायला येतील. मी त्यांना काय सांगू?"

मी सांगायला लागले, तेवढ्यात एका तरुणानं मोबाइल पुढं केला. "इसका नाम युरेनिन है. युरेनियम से बनता है. मैंने देखा."

गर्दीत कुजबुज वाढली. कुणी म्हणालं, जहर है. कुणी व्हिडिओ काढत होतं, आणि तो पुढं पाठवलाही होता.

"युरेनियमशी याचा काही संबंध नाही," मी म्हटलं. "नावाचं साधर्म्य आहे फक्त. डोळ्यांचे डॉक्टर तपासताना हाच रंग डोळ्यात घालतात."

हाजीसाहेबांनी मान वर केली. "पिवळा दिसतो तो?"

"हो. थोडा पिवळा, थोडा हिरवा."

"अरे, मेरे आंख में डाले थे ना! मोतीबिंदूच्या वक्ताला. घरी येऊन नाक पुसलं तर रुमाल पिवळा. बेगम घाबरली, बोली ये क्या लेके आए!"

दोघं-तिघं हसले. मला वाटलं, सुटलो. पण मागून एक आवाज आला. "वो सब ठीक है. पर डाला किसने? और हमारेच हौद में कायकू?" आणि दुसरा, जरा हळू: "मॅडम का नाम साळवे है ना? वो नीचे की बस्ती की तरफ के."

टेकाडाच्या पलीकडं, पायथ्याशी आमच्या लोकांची वस्ती आहे, बुद्धविहार आहे. मी त्या वस्तीतली नाही, पण आडनाव पुरतं. एवढी वर्षं या शहरात दगड तपासतेय, कुणी आडनावावरून माझा रिपोर्ट वाचला नव्हता.

रफतआपा पुढं आल्या. त्यांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो.

"मैंने डाला है. बाल्टी मेरे हाथ में थी. इसी गल्ली में पैदा हुई हूं. अब बोलो, किसकी तरफ की हूं मैं?"



एवढ्यात फाटकापाशी गलका झाला. खालच्या वस्तीतल्या पंचशीलाताई आल्या होत्या. विहाराच्या समितीचं काम त्या बघतात. मागं वस्तीतले दोन पुरुष. ताईंच्या हातात पाण्याची बाटली, आणि आतलं पाणी हिरवंगार.

"हाजीसाहेब, तुम्ही काय सोडलं पाण्यात? आमची विहीर बघा. सकाळधरनं बाया बादल्या घेऊन नुसत्या उभ्या हायेत. लोक म्हनतेत मशिदीतून सोडलं. म्या म्हनलं, आधी जाऊन इचारते, मग बोलते."

हाजीसाहेबांनी हौदाकडं बोट दाखवलं. ताईंनी हौद बघितला आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई. तुमचं बी?"

आता माझं डोकं चालायला लागलं. भीती गेली म्हणत नाही, पण तिच्या जोडीला दुसरंच काहीतरी आलं. मी एक रिकामी बाटली हौदात बुडवून भरली आणि ताईंच्या बाटलीशेजारी उन्हात धरली. दोन्ही सारख्या चमकत होत्या. ताईंची जरा फिकी.

"हे एकच पाणी आहे," मी म्हटलं. "बुधवारी आम्ही टाकीच्या जागेवर रंग टाकला. तिथनं तो आधी इथं आला, मग तुमच्याकडं गेला. फिका झाला, कारण तो पुढं गेलाय. नहर या टेकाडाच्या पोटातून जाते, मशिदीची विहीर खोल उतरून तिला भिडते. मला वाटलं होतं ती उतारानं पलीकडं जाईल. माझं गणित चुकलं."

तो मोबाइलवाला तरुण पुढं सरकला. "मतलब, मशीद का कुंवा और इनका कुंवा, दोनों नहर के ऊपर है?"

"हो. एकाच फाट्यावर."

हाजीसाहेबांनी वाकून दोन्ही बाटल्या बघितल्या. मग ताईंना म्हणाले, "म्हणजे आमच्या इथनंच पानी तुमच्याकडं जातंय. आन् आम्ही दिवसभर मोटर चालवतो."

"व्हय का? तरीच दुपारच्याला आमची विहीर खाली जाती," ताई म्हणाल्या. पण रागानं नाही. "उन्हाळ्यात आटत मात्र नाय कधी. सगळीकडं बोअर कोरडे पडतेत, आमची विहीर तेवढी ऱ्हाती. आम्हाला वाटायचं झरा हाय."

अजान व्हायला थोडाच वेळ होता. हाजीसाहेबांना एका तरुणानं विचारलं, वुजूचं काय करायचं. रंग पाक की नापाक यावर दोघांत वादही सुरू झाला. तेव्हा पंचशीलाताई म्हणाल्या, "आमच्याकडं काल नळ आलता. विहाराची टाकी भरेल हाय. पाईप आना, आमच्या मोटरला जोडून वर घ्या. रंग उतरस्तोवर वापरा."

हाजीसाहेबांनी लाउडस्पीकर हातात घेतला. हौदातला रंग डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा आहे, कुणी घाबरू नये, आज वुजूचं पाणी खालच्या विहारातून येतंय, ताईंचा शुक्रिया. एवढंच बोलले. टेकाडावरून खाली पाईप ओढायला ज्यांनी मदत केली, त्यात माझं आडनाव काढणारा आवाजही होता. मी आवाजावरून ओळखलं.

दुपारी मुळे साहेबांना बोलावलं. त्यांनी हौद पाहिला, मग खाली वस्तीत जाऊन ताईंकडची विहीर पाहिली. विहिरीच्या काठावर बसले आणि टोपी काढून वारा घेतला.

"सोमवारी सिमेंट भरलं असतं तर?"

"दोन्ही विहिरी बंद. आणि का बंद झाल्या ते कुणालाच कळलं नसतं."

"कळलं नसतं कसं? एकमेकांवर ढकललं असतं," साहेब म्हणाले. मग नेहमीच्या सुरात, "पण मॅडम, टाकीची जागा हलत नाही. मंजूर झालेली आहे."

"जागा नका हलवू. टाकी हलवा. त्याच प्लॉटच्या दुसऱ्या कोपऱ्यात खडक पक्का आहे, पहिली दोन भोकं तिथलीच आहेत."

"ड्रॉइंग बदलायचं म्हणजे सह्यांचा डोंगर."

"डोंगराखालूनच नहर आणलीय लोकांनी."

ते हसले नाहीत. पण ड्रॉइंग बदललं. सह्या गोळा करायला उन्हाळा गेला, आणि त्या काळात लोकांनी मला शिव्याही घातल्या असतील, कारण टाकी लांबली. आता ती उभी आहे. नळाचं पाणी अजून रोज येत नाही, पण आधीपेक्षा लवकर येतं. आमचं भोक रुंद करून तिथं झाकणाचं मॅनहोल केलंय. मागच्या वर्षी दोन्हीकडच्या पोरांनी आत उतरून गाळ काढला. मशिदीची मोटर आता सकाळ-संध्याकाळच चालते. हे कुणी लिहून ठरवलेलं नाही. हाजीसाहेब आणि ताई यांच्यात बोलणं झालं, एवढंच मला माहीत आहे.

माझं गणित का चुकलं तेही नंतर कळलं. आपला काळा पाषाण म्हणजे लाव्हाचे थर, एकावर एक चढवलेले. दोन थरांच्या मधे कुठं कुठं तांबड्या मातीची पट्टी असते. वरून झिरपणारं पाणी त्या पट्टीवर अडतं. नहर खोदणाऱ्यांनी त्या पट्टीचा माग धरला होता, म्हणजे वाटेत झिरपणारं पाणीही भुयारात येत राहील. जमिनीचा उतार एकीकडं आणि पट्टीचा दुसरीकडं. मी जमीन बघितली, त्यांनी पट्टी बघितली.

आमचा पेपर छापून आला. तपासणाऱ्यानं एकच शेरा मारला होता: मशिदीचा हौद हे निरीक्षणाचं ठिकाण म्हणून कोणत्या निकषावर निवडलं? आपा म्हणाल्या, खरं लिही. मी लिहिलं, "स्थानिक नागरिकांच्या सूचनेवरून."

आता कुठंही रंग टाकायचा असला तर आधी सगळ्या वस्त्यांत फिरून सांगून येते. जिथं रंग येणार असं गणित म्हणतं तिथं, आणि जिथं येणं शक्यच नाही तिथं आधी.