टँकरच्या पाण्यात गोठलेली शाई

टँकरची वाट बघण्यात अर्धं आयुष्य घालवलेल्या माझ्या वाचकांनो, शहर वाढतंय, बोअर खोल चाललेत आणि जे मिळेल ते पाणी निमूट घ्यायची आपल्याला सवय लावली गेली आहे. त्या सवयीची किंमत मी परवा डोळ्यांनी पाहिली.

माझी पुतणी अश्विनी संभाजीनगरात संशोधन करते. मेंढीच्या गुडघ्यातल्या कूर्चेच्या जिवंत पेशी जेलीसारख्या शाईत मिसळायच्या आणि यंत्राच्या सुईतून थरावर थर छापायचे. झिजलेल्या सांध्यात बसेल अशी कूर्चा यातून कधीतरी घडेल, ही आशा. गुरुवारी परीक्षकांसमोर छपाई होती. ती जमली तरच तिचं काम पुढं चालणार होतं. पेशी सहा आठवडे वाढवलेल्या, आणि एका छपाईपुरत्याच. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ तात्या, मेंढरं राखतात. म्हणाले, "आपल्याच मेंढीचा गुडघा हाय. बघून तरी येऊ."

बुधवारी वैजापूरहून सकाळची एसटी धरली. जाणार असाल तर चहा-भजी लासूरलाच उरका, पुढं गाडी थांबत नाही. रस्त्याकडेला कापसाच्या वाळक्या काड्या, आणि शहर जवळ आलं की त्याच रानात नव्या वसाहतींचे फलक: चोवीस तास पाणी.

प्रयोगशाळा गारखेड्याच्या पलीकडं. फाटकाशी बांधकामावरच्या बाया हंडे घेऊन उन्हात बसल्या होत्या. आम्हाला बसवून अश्विनी वर्गावर गेली. कोपऱ्यात शुद्ध पाण्याचे चार डबे होते. तात्यांनी ते बाहेर नेऊन बायांना पाणी पाजलं. पुढं टँकर आला, तेव्हा डबे काठोकाठ भरून जागेवर ठेवले. रितं भांडं परत ठेवणं आमच्यात अपशकुन. एक डबा मीही उचलला.

संध्याकाळी अश्विनीनं तेच पाणी उकळून निर्जंतुक केलं आणि शाई कालवली. "जरा घट्ट वाटतंय," ती पुटपुटली. पण वेळ नव्हता.

गुरुवारी दोन थर पडले आणि सुई तुंबली. दुसरी लावली, तीही तुंबली.

"पुन्हा छापा," परीक्षक म्हणाले.

"पेशी संपल्या, सर."

ते गेल्यावर तिनं डब्याला हात लावून विचारलं, "तात्या, हे पाणी कुठलं?"

"टँकरचं. बाया तहानल्या व्हत्या गं. पण म्या भरून ठिवलं की."

ती रागावली नाही. खोल बोअरच्या पाण्यात चुना फार असतो आणि उकळूनही तो सगळा जात नाही. चुना लागला की ही शाई सुईतच गोठते, एवढं तिनं समजावून सांगितलं. मग ती सुया धुवायला वळली. नळ कोरडा होता.

परतीच्या गाडीत तात्यांनी एकदाच विचारलं, "मग पाणी द्यायचं नव्हतं का?" मी सभा गाजवणारा माणूस, खिडकीबाहेरचे पाण्याचे फलक मोजत राहिलो. अश्विनीचं काम थांबलं, बाया उद्याही तिथंच बसणार आहेत, आणि यातलं काही लवकर बदलेल असं मला वाटत नाही.

तरी एक करा. उद्या तुमच्या दारात टँकर येईल, तेव्हा त्याच्या पाण्याची एक बाटली भरून सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या, आणि लेखी अहवाल हातात पडेपर्यंत तिथून उठू नका.