आमचे उर्दूचे मास्तर

"बस, इधर से गुजर रहे थे."

दार उघडलं की ते हेच म्हणायचे. सहज वाटेवरून चाललो होतो, म्हटलं डोकावावं, अशा सुरात. आता तुम्हीच विचार करा. आमचं घर लखनौत, चिनहटच्या पलीकडे, एका बंद गल्लीच्या टोकाला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. वर गच्ची आणि गच्चीच्या वर आभाळ. आमच्या दारावरून 'गुजरून' पुढे जायचं तर माणसाला पंख हवेत. घारी सोडल्या तर त्या वाटेनं कुणी गेल्याचं मला आठवत नाही. पण हे गृहस्थ दर महिन्याला तिथून गुजरत आणि नेमका आमचा हप्ता थकला की गुजरत.

बेल दाबून ते दोन पायऱ्या खाली उतरून उभे राहायचे. दार उघडणाऱ्या बाईला एकदम माणूस अंगावर आल्यासारखं वाटू नये म्हणून. काखेत हेल्मेट, खिशाला पेन, हातात रेक्झिनची बॅग, वय पन्नाशीच्या आगेमागे. कर्जवसुलीला येणारा माणूस म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे काही दंड-मिशा वगैरे उभं राहतं, ते पुसून टाका. हा माणूस आमच्या पायपुसण्यावर एवढा वेळ पाय पुसायचा की पायपुसण्याला संकोच वाटावा.

कर्जाचं आधी सांगून टाकतो.

आमचं लग्न होऊन सहाएक महिने झाले होते आणि कराडहून सासरे पहिल्यांदा लखनौला यायचे होते. मी एका संशोधन संस्थेत प्रकल्पावर होतो. 'जावई प्रकल्पावर आहेत' हे सासरे गावभर सांगायचे. त्यांना वाटायचं, मी धरणावर आहे. एवढ्या मोठ्या धरणावरच्या माणसाच्या घरात बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, हे बरं दिसेना. म्हणून मी आणि बायको एका दुपारी दुकानात गेलो आणि सोफा, फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन असं अख्खं घर कर्जावर घेऊन आलो. दुकानातल्या माणसानं ज्या मायेनं आमच्या सह्या घेतल्या, तेवढी माया आमच्यावर अक्षता टाकणाऱ्यांतही मी पाहिली नव्हती.

सासरे आले. सोफ्यावर बसलं की माणूस बुडतो म्हणाले आणि सतरंजीवर झोपले. एसीनं सांधे धरतात म्हणून तो त्यांनी लावूच दिला नाही. चार दिवसांनी ते गेले आणि त्यांच्या पाठोपाठ प्रकल्पाचा निधी अडकला. 'निधी अडकला' म्हणजे पगार थांबला.

हप्ता भरता येत नाही, ही एक भीती होतीच. पण खरी भीती, कुणाला कळेल याची. इमारतीत आम्ही 'साइंटिस्ट साहब' आणि 'मैडम' होतो. पहिल्या मजल्यावरच्या चाची आमच्या फ्रिजची तारीफ अख्ख्या गल्लीत करायच्या. त्यामुळे कर्जाविषयी जे काही बोलायचं, ते मराठीतच बोलायचं असा आमचा नियम झाला. इमारतीत दुसरं मराठी घर नव्हतं. मराठी ही आमची तिजोरी. आम्ही खुशाल मोठ्यानं भांडायचो. तू सोफा म्हणालास, नाही तू एसी म्हणालीस, असं तास तास चालायचं, आणि दुसऱ्या दिवशी चाची जिन्यात म्हणायच्या, "बहू, तुम लोगों की बोली कितनी मीठी है."

मग भांडणंही थांबली, आणि ते जास्त वाईट होतं. ती दुपारचा चहा सोडून मला सांगायची, पित्त होतं. मी ऑफिसातून चालत येऊन तिला सांगायचो, ऑटो मिळाली नाही. दोघंही एकमेकांवर दया करत एकाच घरात वेगवेगळे राहत होतो.

अशा घरात हे गृहस्थ यायचे. सोफ्याच्या कडेला बसायचे, हेल्मेट शेजारी ठेवायचे, जसा काही तोही एक पाहुणा. कराडला सगळे बरे आहेत का, मैडमना इथलं पाणी मानवलं का, सगळं विचारून व्हायचं. चहा व्हायचा. जायला उठायचे, बूट घालायचे, नाडी बांधायचे आणि नाडीकडे बघतच म्हणायचे, "और हाँ, वो छोटी-सी बात..."

पैसे हा शब्द त्यांनी आमच्या घरात कधी उच्चारला नाही. वर पुस्ती जोडायचे, "कोई जल्दी नहीं है." त्यांनी एखादी शिवी दिली असती तर मी शांत झोपलो असतो. 'कोई जल्दी नहीं है' ऐकल्यावर मला आठवडाभर अन्न गोड लागायचं नाही.

पण हे येतात कोण, असं चाचींनी एकदा विचारलंच. माझ्या तोंडून निघून गेलं, "उर्दू के मास्टर साहब हैं. मैं सीख रहा हूँ." थाप मारायची माझी सवय जुनी आहे, पण एवढी फिट्ट बसलेली थाप पुन्हा जमली नाही. त्यांचं ते अदबीनं बोलणं, ते दोन पायऱ्या खाली उभं राहणं. चाचींना शंभर टक्के पटलं.

पुढच्या खेपेला चाचींनी त्यांनाच जिन्यात अडवलं. "मास्टर साहब, हमारे साइंटिस्ट साहब कैसा पढ़ रहे हैं?" मी वरून ऐकत होतो.

खालून त्यांचा तो मऊ आवाज आला. "जहीन हैं. बस, नागा बहुत करते हैं."

म्हणजे हुशार आहेत, पण खाडे फार करतात. दार उघडल्यावर चेहऱ्यावर रेघ हलली नाही. म्हणाले, "बस, इधर से गुजर रहे थे."

त्या दिवसापासून आमच्या घरातही त्यांचं नाव मास्तर.

एकदा चहा पिताना त्यांचा फोन वाजला. त्यांचा साहेब असावा. त्याचा आवाज त्या एवढ्याशा यंत्रातून असा फुटून बाहेर येत होता की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. वयाचा मान वगैरे तर सोडाच. मास्तर कप हातात धरून नुसतं "जी... जी... जी" म्हणत होते. तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. बराच वेळ घरघरला. फोन संपला तेव्हाच थांबला. ते गेल्यावर मी आत जाऊन पाहिलं, तर मिक्सरच्या भांड्यात काही नव्हतं.

"काय वाटत होतीस?"

"काही नाही," बायको म्हणाली. "आपण ऐकलं असं त्यांना वाटायला नको."

आता त्या सकाळविषयी. रविवार होता. मी भाजी आणायला गेलो होतो, पण बायकोला वाटलं मी बाथरूममध्ये आहे. बेल वाजली. तिनं दार उघडलं, मास्तरांना नमस्कार केला आणि आत तोंड करून मला मोठ्यानं हाक मारली, "अरे ए, हप्तेवाले आलेत."

मराठीच बोलली बिचारी. तिजोरीतलंच. पण बाकी सगळे शब्द आमचे असले तरी हा एक शब्द चोरवाटेनं बाहेर पडला. हिंदीत कर्जाच्या हप्त्याला म्हणतात किस्त. आणि हफ्ता म्हणजे एक तर आठवडा, नाही तर गुंड दुकानदारांकडून उकळतात ती खंडणी.

दुसऱ्या मजल्यावर एक ठेकेदार राहायचे. रस्त्यांची कामं घ्यायचे. माणूस असा की त्यांना बघून रोड रोलर बाजूला व्हावा. ते जिन्यात दात घासत उभे होते. एकटी बाई, वर हफ्तेवाले. त्यांनी ब्रश तसाच तोंडात ठेवला आणि जिना चढले. मी खाली पोचलो तेव्हा सगळी इमारत हलत होती. हातात दुधी घेऊन धापा टाकत मी वर गेलो, तर ठेकेदारांनी मास्तरांची कॉलर धरलेली, चाची मागून लाटणं घेऊन आलेल्या, आणि बायको दारात पांढरी पडलेली.

"हफ्ता? हमारी बिल्डिंग में हफ्ता?" ठेकेदार ब्रशच्या बाजूनं गरजत होते.

मास्तर म्हणाले, "जनाब, बटन जरा सँभाल के. धागा कच्चा है."

लक्षात घ्या, त्यांच्या बॅगेत कंपनीचं ओळखपत्र होतं. ते काढून दाखवलं असतं, 'ह्यांच्याकडे बाकी आहे, ती मागायला आलोय' एवढं एक वाक्य बोलले असते, तर कॉलर त्याच क्षणी सुटली असती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. बॅगेला हात लावला नाही.

"उस्ताद हूँ इनका," ते म्हणाले. "उर्दू का."

"उर्दू का मास्टर हफ्ता लेता है?"

"हफ्ते में एक दिन लेता हूँ. क्लास."

ठेकेदारांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "अच्छा? तो सुनाइए भैया. क्या सीखे?"

सगळा जिना माझ्याकडे बघत होता. मी दुधी छातीशी धरला. उर्दू म्हणून माझ्या कानावर जे काही पडलं होतं, ते मास्तरांच्या तोंडून आणि त्यांच्या कंपनीच्या चिठ्ठ्यांतून. तेवढंच आठवलं, तेवढंच म्हटलं. "मोहलत. बकाया. अदायगी. तकाजा."

मुदत, बाकी, परतफेड, तगादा. ठेकेदार धंद्यातला माणूस. हे चार शब्द त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या भुवया हळूहळू जवळ येऊ लागल्या. कॉलर मात्र सुटली नाही. मास्तरांच्या गळ्याची शीर फुगली होती, तरी ते मला धीर दिल्यासारखे म्हणाले, "तलफ्फुज अच्छा है." उच्चार चांगले आहेत म्हणे.

तेव्हा बायको उंबऱ्याबाहेर आली.

"भैया, छोड़ दीजिए उनको," ती म्हणाली. हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कोई मास्टर नहीं हैं. हमारा कर्जा है. सोफा, फ्रिज, एसी, सब कर्जे का है. तीन किस्त नहीं भरी. ये माँगने आए हैं, और माँगते भी नहीं."

ठेकेदारांनी कॉलर सोडली. मास्तरांनी ती नीट केली, बटन चाचपून बघितलं आणि जमिनीकडे बघत उभे राहिले, जसं काही कर्ज त्यांनीच काढलं होतं.

मला वाटलं, आता हा जिना दुभंगावा. पण ठेकेदारांनी तोंडातला ब्रश काढला आणि एकच विचारलं, "ब्याज कितना लगाया?" बायकोनं सांगितलं. "लूट लिया," ते म्हणाले. मग चाची लाटणं खाली करून म्हणाल्या, त्यांच्या लेकाची मोटारसायकल तर दोनदा उचलून नेली होती. सर्व्हिसिंगला दिलीय, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. आणि मग काय विचारता. तिसऱ्या मजल्याचा टीव्ही, ठेकेदारांची गाडी, कुणाचं काय आणि कुणाचं काय. एखाद्या मुशायऱ्यात शायर उठावेत तसा एकेक जण आपली बाकी सांगत होता आणि बाकीचे 'वाह' म्हणायचेच काय ते राहिले होते. दूध उतू जाऊन वास सुटला, तेव्हा मैफल मोडली.

त्याच दुपारी बायकोनं कराडला फोन लावून वडिलांना सगळं सांगितलं. सासरे म्हणाले, "सोफा एवढा मऊ होता तेव्हाच मला शंका आली होती. तू जेवतेस ना वेळेवर?" फोन ठेवल्यावर ती बऱ्याच दिवसांनी रडली आणि मी बऱ्याच दिवसांनी चहा दोघांचा ठेवला.

पुढचं सगळं सरळ आहे. सोफा ठेकेदारांनी आपल्या साइटवरच्या ऑफिसाला घेतला. एसी चाचींच्या भाच्यानं. बायको बीकॉम आहे हे कळल्यावर ठेकेदारांनी बिलांची तीन पोती वर आणून टाकली आणि महिन्याचे पैसे ठरवले. मास्तर मला हजरतगंजमधल्या त्यांच्या ऑफिसात घेऊन गेले, हप्ता लहान करून मुदत वाढवून घेतली. "लंबा चलेगा," म्हणाले, "मगर नींद आएगी." प्रकल्पाचा निधीही यथावकाश सुटला. आम्ही पुन्हा भांडायला लागलो, कधी मराठीत, कधी हिंदीत. चाची मधूनच खालून निकाल द्यायच्या.

मास्तर येत राहिले. आता सोफा नव्हता, तर सतरंजीवर मांडी घालून बसायचे. शेवटचे आले ते जूनमध्ये. मलिहाबादच्या कुणा पार्टीकडे गेले होते, तिथून दशहरी आंब्यांची पिशवी घेऊन आले. बायको म्हणाली, "एवढे कशाला?" तर मराठी कळल्यासारखे हसले. म्हणाले, "घबराइए नहीं, किस्त में नहीं जुड़ेंगे."

त्यानंतर फोनवर ध्वनिमुद्रित बाई यायला लागली. 'प्रिय ग्राहक' म्हणायची आणि आकडा सांगायची. तिला कराडचं कुणी माहीत नव्हतं. बायको सुरुवातीला तिला "एक मिनट रुकिए, गॅस पे कुछ है" म्हणायची. ती थांबायची नाही.

शेवटचा हप्ता फोनवरूनच भरला. दुसऱ्या दिवशी आम्ही पेढ्यांचा डबा घेऊन हजरतगंजच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या तरुणानं विचारलं, "नाम क्या है उनका?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्या माणसाला माझ्या आजोळपासून बायकोच्या पित्तापर्यंत सगळं ठाऊक होतं आणि आम्ही त्यांना नाव विचारलं नव्हतं. पावत्यांवर त्यांची सही होती, पण ती उर्दूत. आणि उर्दूचे आम्ही असे विद्यार्थी.

"एजेंट सब बाहर के होते हैं सर, बदलते रहते हैं," तो म्हणाला. "कंप्लेंट है तो लिख लेता हूँ. कंप्लेंट पे आदमी ढूँढ़ना पड़ता है. मिठाई के लिए सिस्टम में कुछ नहीं है."

मी डबा उचलून निघालो होतो. बायको हलली नाही. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि बसली.

"तो कंप्लेंट ही लिखिए."

त्यानं कीबोर्ड जवळ घेतला. "जी मैडम. क्या लिखूँ?"

"लिखिए," ती म्हणाली, "दशहरी के बाद से आए नहीं हैं."