मंगलचा प्रश्न

पुतणीच्या वहीत सोडियमवरचं अधिकचिन्ह दिसलं आणि लिंबायतच्या, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतल्या शाळेतली मंगल आठवली. तेव्हा मी तिला विज्ञान शिकवायचो.

"सर, सोडियम इलेक्ट्रॉन गमावतो, मग उणे व्हायला पाहिजे ना? अधिक कसा?"

मला येत नव्हतं. मी खेकसलो, "लूमवाल्याची पोर मला शिकवते? बस खाली!"

वर्ग हसला. ती उभीच. "तुम्हलेच येत नही, सर."

मी डस्टर फेकला. तिच्या गालावर खडूचा पांढरा डाग उमटला.

घरी पुस्तक उघडलं. इलेक्ट्रॉनच ऋण असतो. तो गेला की अणूत धन जास्त उरतं. एवढंच. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते सांगितलं नाही. मंगलने वर्षभर पुन्हा काही विचारलं नाही, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.